पेन अंगठ्यावरून उडतं ते कशामुळे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करता. समोर बसणारा मुलगा वाचता वाचता पेन अंगठ्याभोवती सहज फिरवतो, ते बघून तुम्हीही मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला लागलात. दोन महिने झाले, पण दहा वेळांत दोनदाच जमतं. बाकीच्या वेळी पेन एक तर अर्ध्यात गळून पडतं, नाहीतर उडून शेजाऱ्याच्या वहीवर जातं. आणि तुम्ही विचारलंय की बोटांत ताकद कमी आहे का, बाहेरून खास पेन मागवावं का, आणि पंचविशीत हे शिकायला उशीर झाला का.

ताकदीचा प्रश्न नाही, उशीर झालेला नाही, आणि पेन मागवायची आत्ता तरी गरज नाही. पण एवढ्यानं तुमचं काम होणार नाही, कारण अडचण या तिन्हींत नाहीच. ती तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे : "हळू ढकललं तर फिरत नाही, जोरात ढकललं तर उडतं." म्हणजे दोन महिने तुम्ही नेमका जोर शोधताय. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो आणि कॉलेजात असल्यापासून पेन फिरवतो. आमच्या कॉलनीतल्या मुलांना सुट्टीत शिकवतोही. जे अडलेले माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक जण हाच जोर शोधत असतात. जोर ही नंतरची गोष्ट आहे. पेन अंगठ्यावर कुठं टेकलंय आणि मधलं बोट त्याला कुठं ढकलतंय, या दोन जागा बरोबर असल्या की जोर थोडा कमी-जास्त झाला तरी चालून जातं. जागा चुकल्या तर कुठलाच जोर बरोबर ठरत नाही.

काही गोष्टी मात्र माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगतो. लांब बोटांच्या माणसाला पेन जरा मोकळं धरता येतं, लहान हाताच्या माणसाला धरायच्या जागा जवळजवळ घ्याव्या लागतात. काहींचा अंगठा टोकाशी मागे वळतो. त्यांनी तो किंचित आत वाकवून धरला नाही तर पेन नखावरून निसटतं. नखं वाढलेली असतील तर आधी कापा. डावखुऱ्यांनी मी सांगतो ते सगळं डाव्या हाताला लावून घ्यावं, उजव्या हातानं शिकायचा हट्ट धरू नये. आणि हाताला घाम किती येतो यावर तर इतकं अवलंबून आहे की त्याबद्दल पुढं वेगळं लिहिलंय.

आता जागांबद्दल. पेन आडवं करून तर्जनीवर ठेवा आणि ज्या जागी ते दोन्हीकडे न कलंडता थांबेल तिथं मार्करनं बारीक खूण करा. हा त्याचा तोलबिंदू. साध्या रेनॉल्ड्सचं टोपण मागे लावलं की तो मागे सरकतो, टोपण काढून ठेवलं की पुढे येतो. तुम्ही कधी टोपण लावून आणि कधी काढून सराव करत असाल तर तुमच्या बोटांना रोज दोन वेगळी पेनं मिळतायत. हे एवढं थांबवलं तरी फरक दिसेल.

कुठलीही वस्तू मोकळी सोडली की ती आपल्या तोलबिंदूभोवतीच फिरते. पेन अंगठ्यावर त्या खुणेपासून लांब टेकलं असेल, तर जड बाजू मोठा घेर घेते आणि सगळं पेन आपल्याकडे ओढून नेते. तुम्हाला वाटतं जोर जास्त झाला, पण खरं तर पेन चुकीच्या बिंदूभोवती फिरायला लावलं गेलं. आता मधल्या बोटाचं. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं आणि कडीजवळ ढकललं तर बोटानं सरकतं, तसंच इथं. मधलं बोट खुणेच्या अगदी जवळ असेल तर पेन फिरण्याऐवजी नुसतं पुढे घसरतं. म्हणून खूण अंगठ्याजवळ हवी आणि मधलं बोट तिच्यापासून निदान बोटाच्या रुंदीइतकं लांब हवं. सुरुवातीला पेनवर दोन खुणा करून घ्या, एक अंगठ्याची आणि एक मधल्या बोटाची, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी धरा. माझ्याकडे आलेल्या मुलांचा निम्मा गोंधळ या दोन खुणांनी मिटतो.

आता थंबअराउंड, म्हणजे तुम्ही जे करताय तेच. पेन लिहिताना धरतो तसं धरा : अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. यातली तर्जनी फक्त आधाराला आहे, ढकलायचं काम तिचं नाही. ढकलायच्या आधी ती उचलून बाजूला घ्यायची. मग मधलं बोट तळहाताकडे मिटायचं. फटका मारायचा नाही, नेहमी मूठ मिटतो त्याच वेगानं मिटायचं. पेन अंगठ्याच्या पाठीवरून, नख आणि पहिला सांधा यांच्या आसपास, एक पूर्ण फेरी घेऊन पलीकडून परत बोटांशी येतं. या सगळ्यात अंगठा स्थिर राहतो. पुष्कळ जण पेनबरोबर अंगठाही फिरवतात, आणि मग पेनला टेकायला जागाच उरत नाही.

तुमचं पेन अर्ध्यात गळतं त्याचं कारण मला नव्वद टक्के असं वाटतं की मिटल्यानंतर तुमची तर्जनी किंवा मधलं बोट त्याच्या वाटेत उभं राहतं. पेन तिकडून वळून येतं, बोटाच्या सांध्यावर आपटतं आणि खाली पडतं. त्याला जोर वाढवून उपाय होत नाही, उलट ते आणखी जोरात आपटतं. ढकलून झाल्यावर दोन्ही बोटं अंगठ्याच्या खाली मिटलेली असली पाहिजेत, म्हणजे वरची वाट मोकळी राहते. पेन कमी फिरतंय असं वाटलं की पहिल्यांदा वाट बघा, जोर नंतर.

पकडण्याबद्दल एक गोष्ट व्हिडिओंत सहसा कुणी सांगत नाही. एका फेरीला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी एखादी गोष्ट बघून हात हलवायलाही माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पेन आलेलं बघून पकडू असं म्हणाल तर ते शक्यच नाही, ते तोवर निघून गेलेलं असतं. पकड ही अंदाजानं, पेन यायच्या आधीच सुरू होते, आणि हा अंदाज फेरी प्रत्येक वेळी सारखी असेल तेव्हाच बसतो. आज एका वेगानं, उद्या दुसऱ्या वेगानं पेन सोडत राहिलात तर हाताला शिकायला काही मिळत नाही. म्हणूनच मी सोडणं आणि पकडणं ही दोन कामं वेगवेगळी शिकवतो.

कसं ते सांगतो. घरी पलंगावर घडी केलेली गोधडी पसरा आणि तिच्यावर हात धरून फक्त पेन सोडा. पकडायचं नाही, प्रयत्नसुद्धा करायचा नाही. ते कुठं पडतं ते बघा. पूर्ण फेरी घेऊन हाताच्या जवळ, अंगठ्याच्या खाली पडलं तर सोडणं बरोबर आहे. पुढे लांब जाऊन पडलं तर मधलं बोट तोलबिंदूच्या फार जवळ आहे किंवा अंगठाही ढकलतोय. मनगटाकडे आत पडलं तर पेन अंगठ्याच्या मुळाशी फार खाली टेकलंय, ते नखाकडे सरकवा. अर्धी फेरी घेऊन सरळ खाली पडलं तर वाट अडलीय. पेन पडतं ती जागाच तुमचा गुरू आहे, तिच्याकडे लक्ष द्या. सलग बहुतेक वेळा पेन एकाच जागी पडायला लागलं की मग मधलं बोट उघडून त्या जागी नुसतं ठेवा. तुम्ही पेनला पकडायला जायचं नाही, पेन तुमच्या बोटावर येऊन टेकलं पाहिजे. ही पायरी चुकवून सरळ पकडायला गेलं की हात घाईत झडप घालतो, आणि ती झडपेची सवय नंतर मोडायला फार वेळ लागतो.

मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर जरूर वापरा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं येतात, म्हणजे पूर्ण फेरीची जेमतेम सात-आठ. १२० वर ठेवलं तर ३० मिळतात आणि मधलं बोट नेमकं कधी सुटलं ते स्पष्ट दिसतं. आणि शिकताना असे व्हिडिओ निवडा ज्यात कॅमेरा फिरवणाऱ्याच्या डोळ्यांच्या बाजूनं लावलाय. समोरून घेतलेला व्हिडिओ बघून शिकलं तर डावं-उजवं उलट होतं आणि बोटं गोंधळतात.

इथपर्यंत तुम्ही विचारलेल्याचं उत्तर झालं. पण माझा सल्ला याच्याही पुढचा आहे, आणि तो तुम्हाला कदाचित आवडणार नाही : दोन-तीन आठवडे थंबअराउंड बंद ठेवा. तुमच्या हाताला दोन महिने चुकीच्या जागी, चुकीच्या जोरानं ढकलायची सवय लागलीय. तीच हालचाल थोडी सुधारून करायला गेलात की जुनी सवय मध्ये येते. दरम्यान दुसऱ्या दोन गोष्टी शिका, ज्यांत पेन हवेत सुटतच नाही आणि बोटांना तोलबिंदू कळायला लागतो.

त्याआधी खुणेची भाषा सांगतो, कारण सगळीकडे हीच वापरतात. अंगठ्याला टी म्हणतात, तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. दोन बोटांच्या मधली फट त्या दोन आकड्यांनी सांगायची. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधली फट १२, मधलं बोट आणि अनामिकेच्या मधली २३, त्याच्या खालची ३४. व्हिडिओखाली "२३ ते १२" असं लिहिलेलं दिसलं की ते यासाठी. थंबअराउंड, सॉनिक, चार्ज आणि पास या चार हालचाली मूळच्या मानतात, आणि बाकीच्या बहुतेक करामती यांच्यातूनच जोडून, उलटवून किंवा वाढवून बनतात.

चार्जमध्ये पेन एकाच फटीत राहतं. २३ च्या फटीत, बोटांच्या टोकाकडच्या पेरांत, तोलबिंदूजवळ पेन धरा. आता ती दोन बोटं आळीपाळीनं किंचित वर-खाली करा, म्हणजे पेनची दोन्ही टोकं हवेत गोल काढायला लागतात. सुरुवातीला गोलाऐवजी रेघच निघते, पेन नुसतं वर-खाली होतं. सगळा दंड हलवू नका, हालचाल बोटांत आणि थोडी मनगटात हवी. फार हळू सुरू करा. पेन पडायची भीती नसल्यामुळे हे अभ्यासिकेत टेबलाखाली हात ठेवूनही होतं, आवाज होत नाही. हे दिसायला काहीच विशेष वाटत नाही, म्हणून मुलं कंटाळतात, पण पुढच्या प्रत्येक हालचालीत पेन कुठं कलतंय ते डोळ्यांना न विचारता बोटांना कळायला लागतं ते यातूनच.

पासमध्ये पेन एका फटीतून शेजारच्या फटीत जातं. १२ मध्ये धरलेलं पेन मधल्या बोटाभोवती अर्धवट वळवत तळहाताच्या बाजूनं २३ मध्ये द्यायचं, तिथून ३४ मध्ये. घ्यायला येणारं बोट आधी तयार पाहिजे, देणाऱ्यानं मग सोडायचं. मुलं उलट करतात, आधी सोडतात आणि मग दुसऱ्या बोटानं शोधतात. १२ ते २३ नीट बसल्याशिवाय ३४ ला जाऊ नका. करंगळी सगळ्यांचीच ऐकायला वेळ लावते, तिच्यापाशी अडलं तर निराश व्हायचं कारण नाही. पुढे ३४ कडून परत वर १२ कडे जातानाही हेच पास हाताच्या पाठीच्या बाजूनं करत आणले की पेन बोटांभोवती अखंड फिरत राहतं. याला फिंगरपास म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणी गोष्ट तीच आहे. थंबअराउंड एका क्षणात संपतो, फिंगरपास बघत बसावंसं वाटतं.

सॉनिक तिसरा. त्यात पेन खालच्या फटीतून, समजा २३ मधून, एका फेरीत वरच्या १२ मध्ये येतं. इथं ते क्षणभर सुटतं, म्हणून चार्ज आणि पास झाल्यावर. सॉनिक बसला की थंबअराउंडकडे परत या. तेव्हा तोलबिंदू शोधावा लागणार नाही, पेन हातात घेतल्या घेतल्या बोटं आपोआप तिथं जातील. सगळेच शिकवणारे हा क्रम सांगत नाहीत. पुष्कळ जण थंबअराउंडच पहिला शिकवतात, कारण तोच सगळ्यांना बघून माहीत असतो, आणि ज्याला तो आठवड्याभरात जमला त्याला माझ्या क्रमाची गरज नाही. पण जो अडलाय त्यानं वाट बदलावी.

आता पेनचं. जपानमध्ये आणि नंतर कोरिया, तैवान, चीन, फ्रान्स अशा बऱ्याच देशांत या खेळाला मोठा वर्ग मिळाला. हिदेआकी कोंदो या जपानी गृहस्थांनी १९९० च्या दशकात या करामतींची माहिती इंटरनेटवर एकत्र करायला सुरुवात केली. तेव्हापासून फिरवण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या पेनांचा एक वेगळाच छंद उभा राहिला. दोन-तीन पेनांचे भाग जोडून, टोकांना वजन आणि रबर लावून केलेल्या अशा पेनला मॉड म्हणतात. ती २० सेंटिमीटरच्या आसपास लांब असतात. आपलं साधं बॉलपेन १४-१५ सेंटिमीटरचं आणि दहा ग्रॅमच्याही आतलं.

मॉड सोपं का जातं ते समजलं तर ते घरी करता येतं. फिरणाऱ्या वस्तूचं वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी ती सावकाश आणि एकसारखी फिरते. अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाचा परिणाम चौपट होतो. म्हणून सगळं पेन जड करण्यात काही अर्थ नाही, वजन टोकांना हवं. हलकं आखूड पेन पटकन वेग घेतं आणि तितकंच पटकन थांबतं, त्यात हाताला अंदाज घ्यायला वेळच मिळत नाही.

तर असं करा. मेन रोड किंवा शालिमारकडच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून टोपणाची दोन सारखी स्वस्त पेनं घ्या, ज्यांचं टोपण मागेही बसतं अशी. एका पेनाला त्याचं टोपण पुढे लावा आणि दुसऱ्या पेनाचं टोपण त्याच्याच मागे लावा. झालं. लांबी वाढली, दोन्ही टोकांना सारखं वजन आलं, तोलबिंदू मध्याजवळ आला आणि शाईचं टोकही झाकलं गेलं. परदेशातले शिकाऊ पेंटेलच्या आर. एस. व्ही. पी. पेनांना दोन टोपणं लावून हेच करतात. एखादं टोक हलकं राहिलं तर पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी आणून त्या टोकाला घट्ट गुंडाळा. खूण मध्यावर येईपर्यंत पट्टी कमी-जास्त करा. टोपणाची क्लिप बोटात अडकत असेल तर कापून कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर बोट सोलवटेल. हे पेन फक्त सरावाचं. लिहायचं पेन फिरवायला घेऊ नका, कारण फरशीवर टोकावर पडलं की त्याची गोळी बिघडते आणि परीक्षेच्या दिवशी ते अडखळतं. फाउंटन पेन तर मुळीच नाही.

पेन्सिलबद्दल पुढे कुणीतरी विचारेलच. टोक न केलेली नटराज किंवा अप्सरा सरावाला चांगली, कारण ती सगळीकडे सारखी असते आणि तोलबिंदू बरोबर मध्यावर येतो. लांबीही १७-१८ सेंटिमीटर मिळते. मागे खोडरबर असलेली घेऊ नका, तोल मागे जातो. षटकोनी पेन्सिलच्या कडा चार्ज आणि पासमध्ये बोटांना चांगल्या लागतात, पण थंबअराउंडमध्ये अंगठ्यावर अडखळतात, तिथं गोल पेन्सिल बरी. टोक केलेली पेन्सिल दोन कारणांनी नको. एक म्हणजे डोळ्याला धोका, विशेषतः शेजारी लहान मूल असेल तर. दुसरं, पडून पडून आतलं शिसं तुटतं आणि मग कितीही टोक करा, ते गळतच राहतं. चित्रकलेच्या पेन्सिली तर अजिबात हात लावू नयेत अशा.

आता घाम आणि हवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली आला की नाशिकमध्येही हात कोरडे पडतात, आणि कोरड्या बोटांवरून प्लॅस्टिक सटकतं. अशा वेळी हात धुऊन नीट पुसून लगेच सराव करा, कातडीत थोडा ओलावा असतो. क्रीम लावून लगेच पेन घेतलं तर आणखी सटकेल. एप्रिल-मे मध्ये उलट, घामानं पेन चिकटतं, सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. जवळ सुती रुमाल ठेवा, हात आणि पेन दोन्ही पुसा. पावडर लावू नका. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा ट्यूबची पट्टी फक्त टोकांना असू द्या, मध्ये नको, नाहीतर पेन अंगठ्यावर अडकून बसतं. काल जमलं आणि आज जमत नाही असं झालं की आधी हात बघा. आपल्यात काही बिघडलं असं लगेच समजू नका.

सराव किती? एका बैठकीत तासभर घासण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं जास्त उपयोगी. हाताची कुठलीही कला विसावा घेत घेत, मध्ये झोप होऊन जास्त चांगली मुरते. रात्री जे अडतं ते सकाळी पुष्कळदा सुटलेलं असतं. आणि दहा मिनिटांत एकच गोष्ट करा, चार्जची वेळ चार्जला. शेवटी जमलेलं एकदा करून थांबा, चुकलेल्यावर थांबू नका.

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखायला लागलं तर मात्र लगेच थांबा. मोबाइल वापरून आणि दिवसभर लिहून तुमचा अंगठा आधीच थकलेला असणार. तिथल्या स्नायुबंधांना सूज आली तर पेन धरून लिहिणंही अवघड होतं, आणि परीक्षेच्या वर्षात ते परवडणारं नाही. दोन-तीन दिवस विश्रांती देऊनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बोटं शिणणं आणि दुखणं यांत फरक आहे. शिणवटा तासाभरात जातो.

अभ्यासाच्या वेळी फिरवावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. जी हालचाल पूर्ण बसलीय ती विचार करताना हात आपोआप करतो आणि वाचनाच्या आड येत नाही. पण जी अजून शिकताय ती लक्ष मागते, आणि तेवढं लक्ष पुस्तकातून जातं. म्हणून शिकायचं घरी, अभ्यासिकेत फक्त बसलेलं, आणि तेही जे पडण्याची शक्यता नाही असं. चार्ज चालेल, थंबअराउंड नको. शांत हॉलमध्ये फरशीवर पडलेल्या पेनाचा आवाज वीस जणांचं वाचन तोडतो. आणि परीक्षा हॉलमध्ये तर हात पेपरवरच असू द्या.

थंबअराउंड बसल्यावर तो जोडायचा कसा, हेही आत्ताच लक्षात ठेवा, कारण त्यासाठी पकड कुठं येते याला महत्त्व आहे. पेन अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडलंत तर ती करामत तिथंच संपते. थोडं खाली, १२ च्या फटीत पकडलंत तर तिथून पासनं २३ मध्ये नेता येतं, २३ मधून सॉनिकनं परत १२ मध्ये, आणि तिथून पुन्हा थंबअराउंड. हे चक्र न थांबता तीन-चारदा फिरलं की तुमचं पहिलं कॉम्बो झालं. ते साध्या दोन टोपणांच्या पेनावर होत असेल तेव्हा हवं तर खास पेन मागवा, त्या वेळी तुम्हाला लांबी आणि वजन किती हवंय ते स्वतःलाच माहीत असेल. आज मागवलंत तर कुठलं घ्यायचं ते दुसऱ्याच्या हाताला विचारावं लागेल.

दोन-तीन आठवडे चार्ज, पास आणि मग सॉनिक करून थंबअराउंडकडे परत आलात आणि तरीही पेन उडत असेल, तर स्लो मोशनमध्ये गोधडीवरचे चार-पाच प्रयत्न रेकॉर्ड करून इथंच टाका. कॅमेरा वरून, अंगठा आणि मधलं बोट दोन्ही दिसतील असा ठेवा, पेनवरच्या दोन खुणा स्पष्ट दिसू द्या आणि पेन पडतं ती जागाही चौकटीत येऊ द्या. पकडू नका, नुसतं सोडा. तेवढं बघून मला नेमकं सांगता येईल.